विश्लेषण : पाय टेकले, पण वळणाचे काय? मोटारसायकल ‘खाली’ करण्याची किंमत

पाय जमिनीला पुरत नाहीत म्हणून मोटारसायकलचे सस्पेन्शन खाली करून घेण्याचा पर्याय सर्रास सुचवला जातो. सिग्नलवर त्याचा फायदा लगेच दिसतो. तोटा दिसतो तो घाटातल्या वळणावर, आणि तो आधी कोणी सांगितलेला नसतो. हा बदल नेमके काय करतो आणि त्याला पर्याय कोणते, याचा हा आढावा.

‘गाडी खाली करून द्या’ ही मागणी येते कुठून?

भारतात वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणाऱ्या मोटारसायकलींपैकी एक असलेल्या हिरो स्प्लेंडर प्लसचे आसन जमिनीपासून ७८५ मिमीवर आहे. रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक ३५० चे आसन ८०५ मिमीवर. या गाड्यांवर बहुतेकांचे पाय व्यवस्थित टेकतात. अ‍ॅडव्हेंचर प्रकारच्या गाड्या आल्या आणि हे गणित बदलले. २०२० मध्ये भारतात आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचे आसन होते ८५५ मिमीवर. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ८२५ मिमी, तर तिचीच ‘प्रो’ आवृत्ती तब्बल ८९१ मिमी.

दुसरीकडे भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ सेंमी आणि स्त्रीची १५२ सेंमीच्या आसपास आहे. म्हणजे गाडी आवडते, पैसे जमवले आहेत, परवाना आहे, पण शोरूममध्ये बसून पाहिले की फक्त चवडे टेकतात. मग कोणीतरी सांगते, ‘घेऊन टाका, लोअरिंग करून मिळते.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण या एका वाक्यात गाडीच्या रचनेतला मोठा बदल दडलेला असतो आणि त्याची जाणीव घेणाऱ्याला क्वचितच करून दिली जाते.

खाली करतात म्हणजे नेमके काय करतात?

मागची बाजू खाली आणण्याच्या तीन-चार पद्धती आहेत. मोनोशॉक आणि लिंकेज असलेल्या गाडीत लिंकच्या पट्ट्या बदलून जास्त लांबीच्या बसवल्या जातात. दोन शॉकअप असलेल्या गाडीत कमी लांबीचे शॉकअप लावतात. काही जण स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण, म्हणजे प्रीलोड, अगदी कमी करून ठेवतात. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे स्प्रिंगची वेटोळी कापणे.

पुढची बाजू खाली आणण्यासाठी फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवल्या जातात. दिसायला हे काम सोपे आहे. चार-सहा बोल्ट ढिले करायचे, नळ्या सरकवायच्या, पुन्हा आवळायचे.

या सगळ्या पद्धतींनी आसन खाली येते. पण त्यांचे परिणाम सारखे नसतात. लिंक बदलली की चाकाच्या हालचालीचा पल्ला जवळपास तेवढाच राहतो, मात्र टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर कमी होते. शिवाय स्प्रिंगवर पडणाऱ्या जोराचे गुणोत्तर बदलते आणि बहुतेक वेळा मागची बाजू मऊ पडते. प्रीलोड कमी केला की स्प्रिंग तीच राहते, पण खड्ड्यात चाक वर यायला उरलेली जागा घटते. वेटोळी कापली की उरलेली स्प्रिंग कडक होते, तिचा पल्ला कमी होतो आणि चाक हवेत गेले तर ती जागेवर सैल पडू शकते. म्हणून ‘दीड इंच खाली केली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती कशी केली, हा खरा प्रश्न आहे.

वळताना गाडी किती झुकते?

दुचाकी वळते ती झुकून. किती झुकायचे हे दोनच गोष्टी ठरवतात : वेग आणि वळणाची त्रिज्या. वेग दुप्पट झाला की वळणासाठी लागणारे बल चौपट होते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किमी वेगाने जायचे तर सुमारे ३० अंश झुकावे लागते. हे गणित कागदावरच्या, शून्य जाडीच्या टायरचे झाले. खरा टायर रुंद आणि गोलसर असतो. गाडी झुकली की रस्त्याला टेकणारा बिंदू आतल्या बाजूला सरकतो. त्याची भरपाई म्हणून गाडीला आणखी तीन-चार अंश झुकावे लागते.

वळणात सस्पेन्शनवरचा भारही वाढतो. ३० अंश झुकलेल्या गाडीत स्प्रिंगवर सरळ चालताना असतो त्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त भार येतो. ४० अंशांवर तो ३० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे वळणात गाडी आपोआपच आणखी खाली बसते. आधीच खाली केलेली गाडी मग आणखी खाली जाते आणि नेमके तेव्हाच जमिनीपासूनचे अंतर सर्वाधिक हवे असते.

खाली आलेल्या गाडीचे आधी काय घासते?

एक ढोबळ उदाहरण घेऊ. गाडीच्या फूटरेस्टचे टोक मध्यरेषेपासून ३५० मिमी बाहेर आणि जमिनीपासून ३०० मिमी उंच आहे असे समजू. अशी गाडी सुमारे ४० अंश झुकेपर्यंत फूटरेस्ट रस्त्याला लागत नाही. हीच गाडी ५० मिमी खाली केली तर ती मर्यादा ३५-३६ अंशांवर येते.

पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. वेगाच्या भाषेत पाहा. टायरच्या रुंदीसाठी लागणारे जादा अंश वजा केले, तर त्याच ५० मीटरच्या वळणावर आधी ताशी ६८ किमीपर्यंत काहीही न घासता जाता आले असते. आता ती मर्यादा ६२ किमीच्या आसपास येते. सस्पेन्शन दबल्याचा हिशेब यात धरलेलाच नाही. तो धरला की मर्यादा आणखी खाली येते.

रोज कोणी इतके झुकत नाही, हे खरे. पण वळण अंदाजापेक्षा जास्त आवळत गेले, समोरून एसटी आपली बाजू सोडून आली किंवा आत कुत्रे बसलेले दिसले, तर चालकाला त्या क्षणी आणखी थोडे झुकावे लागते. खाली केलेल्या गाडीत नेमकी हीच शिल्लक संपलेली असते.

काय घासते यावरही बरेच अवलंबून आहे. बहुतेक गाड्यांचे फूटरेस्ट बिजागरीवर असते. ते घासले की वर दुमडते आणि चालकाला इशारा मिळतो. पण मेन स्टॅण्ड, सायलेन्सर किंवा इंजिनखालची पट्टी दुमडत नाही. ती रस्त्यावर टेकली की तरफेसारखी काम करते आणि मागचा टायर उचलते. टायरवरचा भार गेला की पकड गेली. त्यानंतर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

गुरुत्वमध्य खाली गेला की गाडी स्थिर होते ना?

चारचाकीचे हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. खाली बसलेली कार वळणात कमी कलते, म्हणून रेसच्या कार जमिनीला चिकटून असतात. पण कार वळणात बाहेर कलते आणि ते टाळायचे असते. मोटारसायकलला आत झुकायचेच असते.

टायरच्या रुंदीमुळे जे जादा झुकावे लागते, ते गुरुत्वमध्य खाली गेल्यावर कमी होत नाही. उलट किंचित वाढते. चालकासह गुरुत्वमध्य ६०० मिमीवरून ५६० मिमीवर आला तर वरच्या उदाहरणात फरक साधारण पाव ते अर्धा अंश पडेल. तो मोठा नाही. पण ‘खाली केली की वळणात कमी झुकावे लागते’ ही समजूत चुकीची आहे, एवढे त्यातून कळते.

याचा धडा होंडाने रेसच्या मैदानावर घेतला. १९८४ च्या एनएसआर ५०० या ग्रां प्री मोटारसायकलमध्ये इंधनाची टाकी इंजिनखाली आणि सायलेन्सरच्या नळ्या वर, अशी उलटी मांडणी होती. वजन खाली गेले की गाडी चांगली वळेल, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात चालकांना ती गाडी हाताळणे अवघड गेले. पुढच्याच वर्षी होंडाने टाकी वर नेली आणि त्या १९८५ च्या मोसमात फ्रेडी स्पेन्सरने ५०० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले.

गुरुत्वमध्य खाली असण्याचा खरा फायदा होतो तो गाडी उभी असताना, ढकलताना आणि अगदी मंद वेगात. तो फायदा खोटा नाही. फक्त तो वळणातला फायदा म्हणून सांगितला जाऊ नये.

फक्त मागची बाजू खाली केल्यास?

गॅरेजमध्ये बहुतेक वेळा हेच होते, कारण ते स्वस्त आणि लवकर होते. १४०० मिमी चाकांतराच्या गाडीची मागची बाजू ४० मिमी खाली केली की संपूर्ण गाडी सुमारे १.६ अंश मागे कलते. पुढचा फोर्क तेवढाच जास्त तिरपा होतो. फोर्कचा तिरपेपणा, ज्याला रेक म्हणतात, २५ अंशांचा असेल तर तो २६.६ अंश होतो. त्यासोबत ‘ट्रेल’ही बदलतो. हॅण्डल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, त्याच्या मागे टायर किती अंतरावर टेकतो, ते अंतर म्हणजे ट्रेल. १७ इंची चाकाच्या सर्वसाधारण गाडीत या बदलाने ट्रेल साधारण १० मिमी वाढतो.

त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी ‘बसलेली’ वाटते आणि मालक खूश होतो. वळणावर मात्र हॅण्डल जड लागते, गाडी झुकायला वेळ घेते आणि वळणाच्या बाहेर जाऊ पाहते.

दुसरा परिणाम मागच्या स्विंगआर्मचा. मूळ रचनेत स्विंगआर्म चाकाकडे उतरता ठेवलेला असतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की चेनचा ताण आणि चाकाचा जोर मिळून मागची बाजू बसू देत नाहीत. मागची बाजू खाली केली की स्विंगआर्म आडवा होतो आणि हा आधार कमी पडतो. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि गाडी आखलेली रेघ सोडून रुंद जाते.

रुंद जाणे म्हणजे काय, हे ताम्हिणी, आंबोली किंवा चोर्ला घाट उतरणाऱ्याला सांगायला नको. डाव्या वळणावर रुंद गेलेली गाडी समोरून येणाऱ्या वाहनाच्या पुढ्यात जाते. उजव्या वळणावर रुंद गेलेली गाडी रस्त्याच्या कडेला, म्हणजे खडी, गटार किंवा कठड्याकडे.

आणि फक्त पुढची बाजू?

इथे उलटे होते. फोर्क उभा होतो, रेक आणि ट्रेल दोन्ही घटतात. गाडी हाताला हलकी लागते, चटकन वळते. शहरातल्या गर्दीत हे छान वाटते. पण वेग वाढला आणि पुढचे चाक एखाद्या उंचवट्यावरून गेले की हॅण्डल थरथरू लागते. ट्रेल हा हॅण्डलला पुन्हा सरळ करणारा आपसूक आधार आहे. तो कमी केला की थरथर स्वतःहून शांत होण्याची ताकद कमी होते.

आणखी एक धोका जागेचा. फोर्कच्या नळ्या वर सरकवल्या की पूर्ण दबल्यावर टायर, मडगार्ड, रेडिएटर आणि खालचा क्लॅम्प यांच्यातले अंतर तेवढेच कमी होते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे दिसत नाही. जोरात ब्रेक दाबून खड्ड्यात गेल्यावर ते कळते.

खड्ड्यांचा आणि वळणाचा संबंध काय?

सस्पेन्शन आरामासाठी असते, हा अर्धाच भाग. त्याचे मुख्य काम टायर रस्त्याला चिकटलेला ठेवणे हे आहे. रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० मध्ये पुढे-मागे २०० मिमीचा पल्ला आहे. चालक बसल्यावर त्यातला साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६५ मिमीच्या आसपास, वापरला जावा असा सर्वसाधारण संकेत आहे. उरतात १३५ मिमी. प्रीलोड ढिला करून गाडी आणखी ४० मिमी खाली बसवली की हातात ९५ मिमीच राहतात. त्यात मागे माणूस आणि दोन बॅगा आल्या की शिल्लक आणखी घटते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा, म्हणजे ताशी २५ किमी वेगाने तो सहज पार होतो. आपल्याकडचे अनेक गतिरोधक या मापाचे नसतात, हे गावागावात दिसते. कमी पल्ल्याची गाडी अशा ठिकाणी ‘तळाला लागते’. सरळ रस्त्यावर तळाला लागली तर कंबरेला हिसका बसतो. वळणात झुकलेली असताना लागली तर स्प्रिंग जणू दगड होते, टायर क्षणभर रस्ता सोडतो आणि घसरतो. पावसाळ्यात घाटात दरवर्षी पडणारे खड्डे वळण पाहून पडत नाहीत.

मग शर्यतीत गाड्या खाली का करतात?

या प्रश्नाचे उत्तरच सगळ्यात बोलके आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतींत गाड्या खाली केलेल्या दिसतात, कारण तिथे वळण नसते. सरळ रेषेत पूर्ण ताकद लावताना पुढचे चाक उचलू नये, एवढेच साधायचे असते.

मोटोजीपीत तर चालू गाडी खाली-वर करण्याचे तंत्र आले. ते आणण्यात डुकाटीचा पुढाकार होता. वळणातून बाहेर पडताना चालक मागची बाजू खाली बसवतो, म्हणजे पुढचे चाक न उचलता जास्त वेग घेता येतो. पण पुढच्या वळणाआधी ब्रेक लावताच गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या शर्यतीत भारतीय प्रेक्षकांनीही हे पाहिले. सरळ रस्त्यावर खाली, वळणात वर, असा जगातल्या सर्वोत्तम अभियंत्यांचा हिशेब आहे. पुढच्या बाजूचे असे उपकरण २०२३ पासून बंद झाले आणि २०२७ पासून हे सगळे तंत्रच नियमाने बंद होणार आहे.

क्रूझर गाड्या मुळातच खाली असतात, त्यांचे काय, असेही विचारले जाते. त्या खाली आहेत, पण तशाच आखलेल्या आहेत. चाकांतर, रेक, स्प्रिंग, फूटरेस्टची जागा सगळे त्या उंचीला धरून ठरवलेले असते. तरीही वळणात त्यांचे फूटरेस्ट लवकर घासते आणि हार्ले-डेव्हिडसनसारखी कंपनी आपल्या गाड्यांचा झुकण्याचा कोन माहितीपत्रकात छापते. गॅरेजमध्ये खाली केलेल्या गाडीचा कोन कोणीच छापत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद करते.

या तरतुदींत सस्पेन्शनचा नावाने उल्लेख नाही आणि दीड इंच खाली आलेली गाडी नाक्यावर सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. पण अपघातानंतर विम्याचा दावा करताना निर्मात्याच्या रचनेत केलेला, न कळवलेला बदल वादाचा मुद्दा ठरू शकतो. वॉरंटीचेही तेच. दंडापेक्षा ही जोखीम मोठी आहे.

पाय न पुरणे हाही धोकाच नाही का?

आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उतारावर थांबताना पाय अधांतरी राहिला की २०० किलोची गाडी आडवी होते. मागून येणारे वाहन असेल तर ते जीवावर बेतू शकते. शिवाय थांबण्याची भीती असलेला चालक वळणातही आखडलेला असतो. आखडलेल्या हातांनी गाडी नीट वळत नाही. ‘सवय होईल’ हे सांगणे सोपे असते, विशेषतः ज्याची उंची सहा फूट आहे त्याला.

उंची कमी असणे हा दोष नाही आणि उंच गाडीवर बसण्याची इच्छा हा हट्ट नाही. मुद्दा एवढाच की थांबण्याची अडचण सोडवताना चालण्याची अडचण ओढवून घेऊ नये. गाडी थांबलेली असते काही क्षण; वळणे असतात दिवसभर.

मग कमी उंचीच्या चालकाने काय करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्याने गाडीची रचना बदलत नाही ते करावे. दोन्ही पाय सपाट टेकण्याची गरज नसते. थांबताना आसनावरून किंचित डावीकडे सरकून डावा पाय पूर्ण टेकवला आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवला की बहुतेक गाड्या सांभाळता येतात. थांबण्यापूर्वी रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे हे पाहण्याची सवय लावावी. जाड तळाचे रायडिंग बूट दोन-तीन सेंमी मिळवून देतात आणि घोट्याचे रक्षणही करतात.

दुसरी पायरी आसनाची. हिमालयन ४५० चे आसन ८२५ मिमीवर आहे. कंपनीचेच कमी उंचीचे आसन घेतले तर ते ८०५ मिमीवर येते आणि रेक, ट्रेल, जमिनीपासूनचे अंतर यातले काहीच बदलत नाही. असे आसन मिळत नसेल तर चांगल्या कारागिराकडून फोम कमी करून आणि मुख्य म्हणजे आसनाच्या पुढच्या कडा अरुंद करून घेता येतात. अनेकदा उंचीपेक्षा आसनाची रुंदीच पाय अडवत असते.

तिसरी पायरी सस्पेन्शन आपल्या वजनाला जुळवण्याची. हलक्या चालकाच्या वजनाने गाडी पुरेशी बसतच नाही, त्यामुळे ती आणखी उंच लागते. प्रीलोड योग्य मर्यादेत कमी केला तर काही मिमी मिळतात आणि गाडी चालतेही चांगली.

हे सगळे करून भागले नाही, तरच खाली करण्याचा विचार. तेव्हाही साधारण २५ मिमीपेक्षा जास्त नको आणि पुढे-मागे सारखेच. स्प्रिंग कापणे कधीच नाही. काम झाल्यावर दोन्ही चाके पूर्ण दाबलेल्या स्थितीत कुठे काही घासते का ते पाहावे, चेनचा ताण पुन्हा जुळवावा, हेडलाइटचा झोत तपासावा. मागची बाजू खाली गेली की झोत वर जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. साइड स्टॅण्डही तेवढाच आखूड करावा लागतो, नाहीतर उभी गाडी सरळ राहते आणि वाऱ्यानेही पडू शकते. आणि सगळ्यात शेवटी, मोकळ्या जागेत मंद वेगात गाडी पुन्हा ओळखून घ्यावी. ती आता जुनी गाडी राहिलेली नसते.

जबाबदारी फक्त चालकाची?

मुळीच नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. त्यातले किती गाडी खाली केल्यामुळे, याचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. म्हणूनच हा बदल गॅरेजच्या अंदाजावर सोडणे बरोबर नाही.

मार्ग आहेत. केटीएमने २०२३ मध्ये ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८३० मिमी आसनाची आवृत्ती आणली, म्हणजे मूळ गाडीपेक्षा २५ मिमी खाली. ट्रायम्फने टायगर ९०० मध्ये ‘जीटी लो’ ही वेगळी आवृत्ती दिली. बीएमडब्ल्यू आपल्या मोठ्या गाड्यांसाठी कमी उंचीचे सस्पेन्शन कारखान्यातूनच देते. हार्लेच्या पॅन अमेरिका १२५० स्पेशलमध्ये तर गाडी थांबताना आपोआप खाली येते आणि चालू लागल्यावर वर जाते. थांबताना खाली, वळताना वर, हे उत्तर महागड्या गाडीत का होईना मिळाले आहे.

दोन-तीन लाखांच्या गाडीत असे यंत्र बसणार नाही. पण कमी उंचीचे आसन आणि कंपनीनेच तपासून दिलेले, पुढे-मागे जुळणारे लोअरिंग किट बसवणे अशक्य नाही. पुण्यात एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था आहे. असे किट तपासून, मंजूर करून, नोंदीसह विकता येईल. सोबत कंपन्यांनी आसनाच्या उंचीइतक्याच ठळकपणे गाडीचा झुकण्याचा कोनही छापावा, म्हणजे किती मिमी खाली केल्यावर किती अंश जातात, हे घेणाऱ्याला काउंटरवरच कळेल.

तोवर जबाबदारी शोरूमच्या विक्रेत्याची आणि गॅरेजच्या मेकॅनिकचीही आहे. ‘लोअरिंग करून मिळते’ हे वाक्य अर्धे आहे. ‘आणि मग वळणात ती आधीसारखी वळणार नाही’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग. गाडी घेणाऱ्याला दोन्ही भाग ऐकण्याचा हक्क आहे. ते ऐकून त्याने किंवा तिने घेतलेला निर्णय, मग तो कोणताही असो, निदान डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल.